मराठी विकिपीडियाचे नवे संपादक: आवड, भटकंती आणि उद्दिष्ट कामी कसे लावावे

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावरच चालला आहे. कोणता लेख लिहायचा हे इथे कोणी सांगत नाही. नवा माणूस उत्साहाने खाते उघडतो, दोन-चार शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करतो आणि पुढे काय करावे हे न सुचल्याने थांबतो. टिकून राहणारे बहुतेक जण एखादा विषय घट्ट धरून आलेले असतात. कुणाचे किल्ले, कुणाचे पक्षी, कुणाची नाट्यसंगीतातली घराणी, कुणाच्या एसटी आणि रेल्वे. ती आवड लेखात कशी उतरवायची, भटकंतीचा उपयोग कसा करायचा आणि झेपेल एवढेच काम अंगावर कसे घ्यायचे, ते इथे क्रमाने दिले आहे. उदाहरण किल्ल्यांचे घेतले आहे. पक्षी किंवा मंदिरे घेतली तरी रीत हीच.

खाते आणि टंकलेखन

सदस्यनाव विचार करून निवडा. खरे नाव देण्याची सक्ती नाही, देवनागरी नाव चालते, मात्र मंडळाचे, दुकानाचे किंवा संस्थेचे नाव चालत नाही. हेच खाते कॉमन्स (छायाचित्रांचा मुक्त साठा), विकिस्रोत (मूळ ग्रंथांचा साठा), विकिडेटा (सगळ्या भाषांचा सामाईक माहितीसाठा) अशा सगळ्या भावंड प्रकल्पांवर चालते. नाव नंतर बदलून मिळते, पण विनंती करावी लागते आणि जुन्या चर्चांमधल्या सह्या तशाच राहतात. ईमेल पत्ता नोंदवाच. पासवर्ड विसरलात आणि पत्ता दिलेला नसेल, तर खाते गेले असे समजा.

संपादनाच्या चौकटीत कर्सर ठेवला की कडेला कीबोर्डचे लहान चिन्ह दिसते. त्यात अक्षरांतरण (रोमन अक्षरांतून मराठी) किंवा इनस्क्रिप्ट (देवनागरी कळफलक) निवडता येते आणि कंट्रोल व एम या कळा एकत्र दाबून मराठी चालू-बंद करता येते. टंकलेखनातली एक अडचण मात्र आधीच समजून घ्या, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ‘कऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. ‘ॲ’चेही तसेच आहे. ते एकसंध अक्षर म्हणून टाइप होते आणि अ वर चंद्र चढवूनही होते. पडद्यावर फरक कळत नाही, संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी शीर्षके ठरतात. मग लेख असूनही दुवा लाल, म्हणजे पान नसल्यासारखा, दिसतो आणि कोणीतरी त्याच विषयावर दुसरा लेख सुरू करतो. म्हणून नवे पान उघडण्याआधी शीर्षक दोन्ही प्रकारे टाइप करून शोधा, आणि लेख झाला की दुसऱ्या रूपावरून ‘#पुनर्निर्देशन [[मूळ शीर्षक]]’ एवढी एक ओळ लिहून पान तयार करा. शीर्षकात श्री., डॉ., कै. लावू नका.

सदस्यपान: काय लिहावे, काय टाळावे

सुरुवातीला तुमचे नाव लाल दिसते, कारण ‘सदस्य:’ नामविश्वात (त्या नावाने सुरू होणाऱ्या पानांच्या गटात) तुमचे पान अजून नसते. त्यावर टिचकी मारून पान तयार करा. पाच-सहा ओळी पुरतात, पण त्या इतरांच्या उपयोगी पडणाऱ्या हव्यात. नमुना असा:

‘मावळातले किल्ले आणि लेणी या विषयांवर लिहितो. पुणे ते लोणावळा पट्ट्यात भटकंती असते, तिकडच्या एखाद्या ठिकाणाचे छायाचित्र हवे असल्यास चर्चापानावर सांगावे. मोडी वाचता येते. सध्याचे काम: लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग या लेखांना संदर्भ जोडणे. भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, थोडी कन्नड.’

यातली एकही ओळ वाया गेलेली नाही. मोडी येते हे वाचून कोणीतरी शिलालेखाचा किंवा कागदाचा फोटो दाखवायला येईल. कन्नड येते हे वाचून सीमाभागातल्या गावाच्या नावाचा उच्चार विचारला जाईल. सध्याचे काम दिसले की दोघे जण एकाच लेखावर एकाच वेळी बसत नाहीत. भाषा किती येते हे आकड्याने दाखवण्यासाठी ‘बाबेल’ नावाची चौकट आहे. ती लावताना लाज किंवा फुशारकी आड येऊ देऊ नका, कारण त्या आकड्यावर भरवसा ठेवून लोक भाषांतर तपासायला देतात.

मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, मुलांची नावे आणि शाळा सदस्यपानावर लिहू नका. पुढच्या प्रवासाच्या तारखाही नकोत, फिरून आल्यावर लिहा. पानावरून मजकूर काढला तरी इतिहासात तो राहतो आणि कोणालाही वाचता येतो. चुकून गेलाच, तर प्रचालकाला (जादा अधिकार असलेल्या संपादकाला) ईमेलने कळवून ती आवृत्ती लपवून घ्या. चावडीवर (सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) जाहीर विचारू नका, त्याने उलट सगळ्यांचे लक्ष तिकडे जाते.

सदस्यपान हा बायोडाटा नव्हे. जन्म, शिक्षण, पुरस्कार, ‘लोकप्रिय समाजसेवक’ अशा थाटात लिहिलेली पाने जाहिरात म्हणून वगळली जातात. स्वतःवर, घरच्यांवर किंवा आपण नोकरी करतो त्या संस्थेवर लेखही लिहू नये. चूक दिसली तर त्या लेखाच्या चर्चापानावर संदर्भासह मांडावी, बदल दुसरा करील.

कच्च्या लेखनासाठी ‘सदस्य:तुमचे नाव/धूळपाटी’ असे उपपान करा. तिथे एखादा लेख नमुना म्हणून उतरवून घेतलात तर वर्गाच्या (एका विषयाच्या लेखांच्या यादीच्या) दुव्यात आधी एक अपूर्णविराम (कोलन) घाला: [[:वर्ग:पुणे जिल्ह्यातील किल्ले]]. नाहीतर तुमची धूळपाटी त्या वर्गात खऱ्या लेखांच्या रांगेत जाऊन बसते. नव्यांकडून ही चूक सर्रास होते. बऱ्याच भाषांच्या विकिपीडियांवर वावर होणार असेल तर मेटा-विकीवर (सगळ्या प्रकल्पांच्या सामाईक संकेतस्थळावर) एकच सदस्यपान करा. जिथे तुमचे स्थानिक पान नाही तिथे तेच दिसते.

आवडीचा विषय कसा कापावा

‘महाराष्ट्राचा इतिहास’ हा विषय एका माणसाच्या हातात मावत नाही. ‘मावळ तालुक्यातले किल्ले’ मावतो. इतका लहान तुकडा घ्या की त्यातले सगळे लेख एका संध्याकाळी वाचून होतील. वाचताना प्रत्येक लेखापुढे चार गोष्टींची नोंद करा: संदर्भ आहेत का, छायाचित्रे कशाची नाहीत, अक्षांश-रेखांश आहेत का, आणि कोणता परिच्छेद कुठल्या तरी संकेतस्थळावरून जसाच्या तसा उचलल्यासारखा वाटतो. ही यादी धूळपाटीवर ठेवा. पुढच्या कामाचा कच्चा माल हाच.

संदर्भ घरबसल्या कुठे मिळतात हे किल्ल्यांच्या बाबतीत ठरलेले आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली मुंबई इलाख्याची जिल्हा गॅझेटियरे, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, (पुणे जिल्ह्याचे १८८५ सालचे) आता प्रताधिकारमुक्त (कॉपीराइट संपलेली) आहेत आणि त्यांत गडाच्या दरवाजांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंतचे वर्णन सापडते. ती वसाहतकाळातली आहेत हे विसरू नका. लोकांबद्दलचे शेरे सोडून द्यावेत आणि बाकी माहिती ‘१८८५ च्या गॅझेटियरनुसार’ असे सांगूनच द्यावी. राज्य सरकारने नंतर काढलेली जिल्हा गॅझेटियरे आणि मराठी विश्वकोश संदर्भ म्हणून उत्तम, पण त्यांतला मजकूर उतरवून टाकायचा नाही. चार शब्द इकडेतिकडे केले तरी ती नक्कलच. भारतात लेखकाच्या निधनानंतर त्या वर्षाअखेरपासून ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. उदाहरणार्थ, ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे स्वतःचे लेखन मुक्त आहे. मात्र सहलेखकांचा हिशेब वेगळा धरावा लागतो.

ट्रेकिंगची संकेतस्थळे वाट शोधायला चांगली, संदर्भाला नाहीत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विकिपीडियावरचाच जुना परिच्छेद चिकटवलेला असतो. तो संदर्भ म्हणून परत विकिपीडियावर लावला की चूक स्वतःचाच पुरावा बनते. ‘गावातल्या आजोबांनी सांगितले’ हेही चालत नाही, आजोबांचे म्हणणे कितीही खरे असले तरी. ते आधी कोणी छापलेले असले पाहिजे. ही अट अनेकांना जाचक वाटते आणि ग्रामीण भागाच्या बाबतीत तिने नुकसानही होते. पण पुढच्या वाचकाला ताडून पाहता आले पाहिजे, म्हणून ती सुटत नाही.

निघण्याआधी आणि गडावर

प्रवास कुठे करायचा याचे एक ताजे निमित्त आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. त्यात १२ किल्ले आहेत: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. तंजावर किंवा चेन्नईकडे जाणाऱ्या मराठी माणसाने जिंजी आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख वाटेत धरावा. महाराष्ट्रातल्या गडांवर दर शनिवार-रविवारी कॅमेरे असतात, जिंजी-तंजावरकडे मराठी लेखासाठी मुद्दाम जाणारे थोडेच.

लोहगडाचे उदाहरण घेऊ. मळवली स्थानकावरून भाजे गावामार्गे वर जाता येते. भाजे लेणी त्याच वाटेवर आहेत, म्हणजे एका फेरीत दोन लेखांचे काम होते. निघण्याआधी कॉमन्सवर किल्ल्याचा वर्ग उघडून आधी काय काय आहे ते पाहा. बहुधा महादरवाजापाशी काढलेले ढगांचे फोटो ढीगभर असतात आणि बाकीचे काही धड नसते. मग चित्रांची यादी कागदावर करा:

संपूर्ण किल्ला, विसापूरच्या बाजूने. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, प्रत्येकाचे बाहेरून एक आणि आतून एक. विंचूकाटा (गडाची लांब, चिंचोळी सोंड) वरून, टोकापर्यंत दिसेल असा. लक्ष्मी कोठी, माथ्यावरचे शिवमंदिर, दर्गा, तळी. शिलालेख असेल तर पूर्ण एक आणि तुकड्या-तुकड्यांनी जवळून.

दरवाजांचे फोटो काढताना त्या-त्या वेळी नाव टिपून घ्या. घरी आल्यावर नारायण कोणता आणि हनुमान कोणता हे कळत नाही, आणि चुकीच्या नावाने चढवलेला फोटो चार भाषांच्या लेखांत जाऊन बसतो. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक दरवाजाआधी वहीवर नाव लिहून त्याचाच एक फोटो काढायचा. मोबाइलमध्ये स्थानाची नोंद चालू ठेवा, म्हणजे अक्षांश-रेखांश आपोआप येतात. घराजवळच्या फोटोंसाठी मात्र ती बंद करा.

शिलालेखाला समोरून फ्लॅश मारला की अक्षरे सपाट होतात. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, प्रकाश बाजूने येत असताना फोटो घ्या. लेख सावलीत असेल तर सोबतच्याला बॅटरी दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून धरायला सांगा, अक्षरांच्या खोबणीत सावली पडून ती उठून दिसतात. अक्षरांवर पीठ, खडू, तेल, पाणी काहीही लावू नये. दगड खराब होतो आणि संरक्षित स्मारकात तो गुन्हाही ठरू शकतो. तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते. ड्रोन न्यायचाच नाही.

लोकांचे चेहरे, विशेषतः लहान मुलांचे, चौकटीबाहेर ठेवा. पावसाळ्यात गर्दी आणि धुके दोन्ही असते, हिरवळ छान दिसते पण बांधकाम दिसत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा स्वच्छ असते.

पुरातत्त्व विभागाचा माहितीफलक जरूर टिपा, पण तो स्वतःसाठी. फलकावरच्या मजकुराला प्रताधिकार असतो, त्यामुळे तो कॉमन्सवर चढवता येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो चालतात. भिंतीवर रंगवलेली आधुनिक चित्रे, पोस्टर आणि फ्लेक्स या सवलतीत बसत नाहीत.

छायाचित्रे कॉमन्सवर चढवताना

मूळ फाइलच चढवा. व्हॉट्सॲपवरून स्वतःला पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातली कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते. अशी फाइल पाहिली की तपासणाऱ्याला ती इंटरनेटवरून उचललेली वाटते आणि वगळण्यासाठी नामांकन लागते. नव्या लोकांचे खरेखुरे स्वतःचे फोटो याच कारणाने जातात. आयफोनचा एचईआयसी प्रकार तिथे घेतला जात नाही, जेपीजी करून घ्या. व्हिडिओसाठी एमपी४ चालत नाही, वेबएम करावा लागतो.

फाइलला कॅमेऱ्याने दिलेले आकड्यांचे नाव ठेवू नका, तसले नाव यंत्रणाच अडवते. ‘लोहगड गणेश दरवाजा आतून’ असे देवनागरी नाव चालते. वर्णन मराठीत लिहा, जमल्यास इंग्रजीतही. परवान्यात ‘स्वतःचे काम’ आणि क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन-समानवाटप ४.० निवडा. त्याचा अर्थ नीट समजून घ्या: तुमचे नाव देऊन आणि त्याच अटीवर कोणीही तो फोटो छापू शकतो, विकूही शकतो, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे पटत नसेल तर तो फोटो चढवू नका. मित्राने काढलेला फोटो ‘स्वतःचे काम’ होत नाही, मित्राने खाते उघडून स्वतः चढवावा. शेवटी वर्ग लावा. वर्गाशिवाय फोटो सापडतच नाही, म्हणजे एवढी चढाई फुकट जाते.

अँड्रॉइडवर कॉमन्सचे ॲप आहे. त्यात आसपासच्या कोणत्या ठिकाणांना अजून छायाचित्र नाही ते नकाशावर दिसते. एसटीने कुठे उतरल्यावर तासभर मोकळा असेल तर ते उघडून पाहा. दर सप्टेंबरमध्ये ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही स्मारकांची छायाचित्रस्पर्धा जगभर असते. फोटो आधीच काढून ठेवलेले असले तरी चालतात, चढवायचे मात्र त्या महिन्यात असतात.

लेखात उतरवणे

घरी आल्यावर आधी जुन्या लेखाची पहिली ओळ पाहा. बऱ्याचदा ती अशी असते: ‘मावळ्यांच्या पराक्रमाने पावन झालेला, निसर्गाच्या कुशीत विसावलेला अभेद्य लोहगड आजही इतिहासाची साक्ष देत उभा आहे.’ गड कुठे आहे हे यातून कळत नाही. त्याऐवजी: ‘लोहगड हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात असलेला डोंगरी किल्ला आहे.’ पराक्रम सांगायचा तर कोणत्या साली, कोणी, काय केले ते संदर्भासह पुढच्या परिच्छेदात सांगावे, तिथे तो जास्त उठून दिसतो.

डोळ्यांनी पाहिलेले किती लिहावे? दरवाजे चार आहेत, हे कोणीही जाऊन मोजू शकतो. तरीही संदर्भ जोडा, गॅझेटियरमध्ये तो मिळतो. ‘बांधकाम यादवकालीन वाटते’ हा मात्र तुमचा अंदाज झाला, तो लेखात येणार नाही.

वर्तमानपत्राचा संदर्भ देताना मथळा, पत्राचे नाव, तारीख, आवृत्ती (पुणे, नाशिक, कोल्हापूर) आणि पान लिहा. ई-पेपरचे दुवे लवकर मरतात. दुवा लावण्याआधी तो इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ठेवा, एक मिनिट लागते.

इंग्रजी लेखाचे भाषांतर करायचे तर भाषांतराचे साधन वापरा, ते मूळ लेखाचे श्रेय आपोआप नोंदवते. पण यंत्राने दिलेली वाक्ये तशीच ठेवू नका. एक-एक परिच्छेद मोठ्याने वाचा, अडखळलात तिथे मोडून पुन्हा लिहा. ‘द्वारे’, ‘च्या अंतर्गत’, ‘म्हणून ओळखले जाते’ यांची गर्दी झाली की समजा, यंत्र अजून बोलते आहे.

जतन करण्याआधी ‘झलक पहा’ दाबा. बदलांच्या सारांशात काय केले ते चार शब्दांत लिहा: ‘दरवाजांची माहिती, गॅझेटियरचा संदर्भ’. सारांश रिकामा ठेवून मोठा मजकूर काढलात तर उपद्रव समजून तो बदल उलटवला, म्हणजे पूर्ववत केला, जातो. लेख झाला की विकिडेटावर इतर भाषांतल्या लेखांशी जोडा.

उद्दिष्ट किती मोठे घ्यावे

‘हजार लेख’ असे उद्दिष्ट घेऊ नका. आकडा गाठण्याच्या घाईत जनगणनेच्या आकड्यांवर बेतलेले, गावाचे नाव तेवढे बदललेले दोन ओळींचे लेख तयार होतात. ते नंतर सुधारणे नवा लेख लिहिण्यापेक्षा जिकिरीचे असते. उद्दिष्ट लेखाच्या स्थितीत मोजा. उदाहरणार्थ: तीन महिन्यांत चार किल्ले, प्रत्येकाला छापील पुस्तकाचे किमान तीन संदर्भ, पाच नव्या चित्रांची भर, अक्षांश-रेखांश आणि दरवाजांचा स्वतंत्र परिच्छेद. आठवड्यातून दोन संध्याकाळी, तासभर. नोकरी सांभाळून एवढे जमते.

सार्वजनिक उपक्रमही धरता येतात. नोव्हेंबरात विकिपीडिया आशियाई महिना असतो. शंभर दिवस रोज एक लेख लिहिण्याचे ‘शंभर विकीदिवस’ हे आव्हान जगभरचे संपादक घेतात, पण ते पहिल्या वर्षी घेऊ नये. एक दिवस चुकला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि उत्साहाचा चुराडा होतो.

सुरुवातीच्या काळात जाती, चालू राजकारण, हयात नेते आणि नटनट्या या विषयांपासून लांब राहा. तिथे प्रत्येक शब्दावर वाद असतो आणि नियम पाठ असलेले जुने लोकही थकतात.

बदल उलटवला गेला तर

उलटवलेला बदल लगेच परत टाकू नका. दोघांनी तीन-चार वेळा तसे केले की पान सुरक्षित केले जाते आणि खाते काही काळ अडवलेही जाऊ शकते. आधी लेखाचा इतिहास उघडा आणि समोरच्याने सारांशात काय कारण दिले ते वाचा. कारण पटले तर संदर्भ शोधा. पटले नाही तर लेखाच्या चर्चापानावर नवा मथळा घालून वादातले वाक्य, तुमचा संदर्भ आणि पृष्ठ क्रमांक लिहा, शेवटी चार तिरक्या लाटांची खूण (~~~~) देऊन सही करा आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर दुवा ठेवा. आठवडाभर उत्तर आले नाही तर तोच प्रश्न चावडीवर मांडा. तिथे ‘माझा लेख का काढला’ असे न विचारता पानाचा दुवा देऊन ‘या परिच्छेदाला अजून कोणता संदर्भ लागेल’ असे विचारलेत तर उत्तर लवकर मिळते.